बैलाच्या वाट्याला गेलेली सुई

पाथर्डीकडे जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं हमखास विचारतात, "मग मढीला कानिफनाथांचं दर्शन झालं का?" झालं, पण लांबून. मी तिकडे बेडके गोळा करायला गेले होते, हे खरं उत्तर दिलं की समोरच्याचा चहाचा कप ओठांपाशीच थांबतो. म्हणून आता सगळं एकदाच सविस्तर लिहून काढते आहे.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. ठिकठिकाणच्या क्षयरोग्यांचे बेडके आमच्याकडे येतात. काचेच्या नळीत अंडी घालून घट्ट केलेलं हिरवट खाद्य असतं, त्यावर आम्ही जंतू वाढवतो. काही नळ्यांतल्या खाद्यात औषध मिसळलेलं असतं. त्या नळ्या स्वच्छ राहिल्या, तर ते औषध त्या रोग्याला लागू पडणार. औषध असूनही तिथं पिवळट, रवाळ दाणे उगवले, तर समजायचं की हे जंतू औषधाला सरावले. मग तेच औषध कितीही टोचा, उपयोग नाही. अशा उगवलेल्या नळ्या अलीकडे वारंवार दिसू लागल्या होत्या.

डॉक्टर पेठे हे आमच्या साहेबांचे जुने स्नेही. ते जनावरांचे डॉक्टर, आता निवृत्त. माणसांची औषधं जनावरांना, जनावरांची माणसांना, आणि सगळ्यांना अर्धीमुर्धी, असा प्रकार खेड्यांत चालतो हे ते तावातावानं सांगत. "तुम्ही नळ्या बघत बसा. लोकांना जाऊन सांगणार कोण?" असं ते एकदा म्हणाले आणि सांगायला जाणारी मी ठरले; जमतील तिथले बेडकेही आणायचे होते. सोबत अर्थातच ते. सासूबाई म्हणाल्या, "जा, पण तिकडचं काही अंगावर घेऊन येऊ नकोस." मी हसले. १९७०चा दसरा नुकताच झाला होता.

भिंगार

पहिला मुक्काम भिंगारला, माझ्या आत्याकडे. आत्याचे यजमान लष्कराच्या कचेरीत नोकरीला. क्वार्टर लहान, पण दारापुढे लिंबाचं झाड आणि दुपारभर शांतता. संध्याकाळी डॉक्टरांची तपकीर संपली म्हणून आम्ही बाजारात गेलो. जुन्या बाजारातल्या एका औषधाच्या दुकानापुढे डॉक्टर थबकले. आतमध्ये डोक्याला मुंडासं बांधलेला एक शेतकरी उभा होता.

"दोन लाल-पिवळ्या द्या," तो म्हणाला. दुकानदारानं बरणीतून दोन कॅप्सूल काढून कागदात बांधल्या.

"दोनानं काय होणार?" डॉक्टरांनी विचारलं. "पुऱ्या घ्याव्या लागतात."

"दोनात उतार पडतो की, सायेब. मंग बाकीच्या कशापायी?"

तो गेल्यावर दुकानदार शांतपणे म्हणाला, "मी दहा घे म्हटलं, तर तो पुढच्या दुकानात जाईल."

खेड्यातल्या लोकांना किती समजावावं लागणार, या विचारात मी घरी आले. प्रवासानं घसा बसला होता. आत्यानं ते ऐकलं मात्र, मिसळणाच्या डब्यामागून एक बाटली काढली. तिच्यात नाना रंगांच्या उरलेल्या कॅप्सूल होत्या, कधीच्या, कुणाच्या, देव जाणे. "ही निळी घे. तुझ्या काकांना लगेच गुण आला होता." डॉक्टर पेठे माझ्याकडे बघून नुसते मिशीत हसले. मी मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या. पण पुण्याच्या माझ्या घरी, कपाटातल्या वरच्या फळीवर, तशीच एक बाटली आहे, हे मला तेव्हाच आठवलं.

करंजीचा घाट ओलांडल्यावर

घाट उतरला की मुलूख बदलतो. झाडं विरळ, टेकड्या उघड्या, बाजरी काढून मोकळी झालेली रानं. पाऊस यंदाही बेताचाच होता, ज्वारी वीतभर उंचीवर घुटमळत उभी होती. मधूनच एखाद्या विहिरीभोवती हिरवा ठिपका दिसे. ऊन मात्र इतकं स्वच्छ की लांबच्या डोंगरावरची शेळीसुद्धा मोजून घ्यावी.

शेळीवरून आठवलं. लोकांना दाखवायला आम्ही रंगीत तक्ते करून घेतले होते. एसटीत त्यांची गुंडाळी मी पायाशी ठेवली. शेजारच्या बाईच्या पायाशी शेळी होती. पाथर्डीला उतरताना पाहते तर जंतूंच्या तक्त्याचा निम्मा भाग नाहीसा झालेला, आणि शेळी समाधानानं रवंथ करते आहे.

"तिला बाधणार नाही," डॉक्टर म्हणाले. "चित्रातले आहेत."

तिथून बैलगाडीनं गावात पोचलो. गावाचं नाव मी लिहीत नाही, पुढचं वाचल्यावर का ते कळेल. दसरा झाला की इथली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. दारोदार तयारी चालली होती. कुणी कोयत्याला मूठ बसवत होतं, कुणी गाडीच्या चाकाला वंगण देत होतं.

दुपारी मारुतीच्या पारावर माणसं जमली. बायका एका अंगाला, पदर सावरून. जंतूंच्या तक्त्याविना मी बोलायला उभी राहिले आणि पाच मिनिटांत सगळं फसलं. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत म्हटल्यावर एकानं विचारलं, "मंग तुमाला कसं दिसलं?" मी नळीची गोष्ट सांगितली. अंड्यांचं खाद्य म्हटल्याबरोबर बायकांत खसखस पिकली.

"जंतूला अंडी?" एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली. "आमच्या पोरास्नी मिळत न्हाईत!"

पुढे औषधाला सरावणं कसं सांगावं ते मला सुचेना. "अर्धं औषध घेतलं की कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे राहतात, आणि मग त्यांचीच प्रजा वाढते," असं काहीतरी मी बोलत होते. माणसं ऐकत होती, पण पाहुण्याला ऐकावं तशी.

तीच म्हातारी पुन्हा म्हणाली, "म्हंजी ढेकनावानी."

"कसं?"

"आवो, मलेरियावालं पावडर माराया यायचं न्हाई का? पयल्या साली भिताडातली ढेकनं पटापटा पडली. दुसऱ्या साली थोडी पडली. आता मारली तर त्यातच लोळत्यात, सुखानं! उरली त्यांचीच पिलावळ हाय ती."

पारावर हशा उसळला. पण हशा ओसरल्यावर माणसं एकमेकांत बोलू लागली. गोचिडांचं कुणी सांगितलं, कुणी माश्यांचं. डॉक्टर पेठे तो धागा पकडून म्हशीच्या कासेवर उतरले, आणि मग तासभर प्रश्न थांबेनात. मी खाली बसून म्हातारीचं नाव विचारलं. ठकूबाई.

"चला बाई, शेंगुळी केल्यात," ती म्हणाली. "तिखाट चालतंय ना?"

ठकूबाईचं घर

हुलग्याच्या पिठाच्या वळून केलेल्या शेंगोळ्या, लसूण-मिरचीच्या रश्श्यात शिजवलेल्या, वर कच्चं तेल. आमच्याकडे पुण्यात हुलगे म्हणजे घोड्याचं खाणं समजतात. मी दोनदा वाढून घेतल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खाल्ल्या. वाढत होती ती ठकूबाईची सून, गयाबाई. चोविशीची असेल. हसरा चेहरा, पण गालाची हाडं वर आलेली. ती मधूनमधून उठून परसात जाई आणि खोकल्याचा आवाज येई.

"किती दिवसांचा खोकला?" मी विचारलं.

"क्षय हाय बाई मला," गयाबाई सरळ म्हणाली. "औषिद चालू हाय. सरकारी दवाखान्यातनं सुईच्या बाटल्या देत्यात, गोळ्या देत्यात. रोज जायाला जमत न्हाई, म्हून गावातलं नाना सुई टोचत्यात. गोळ्या आत्याबाई देत्यात, डोळ्यांदेखत." तिनं ठकूबाईकडे मान केली.

मला बरं वाटलं. "सुई एकदाही चुकली नाही ना?"

"चुकली न्हाई. निम्मी घेतली."

"निम्मी?"

तिनं गोठ्याकडं पाहिलं. तिथं एक पांढरा, रुंद खांद्याचा बैल कडबा खात उभा होता. "पोळ्याच्या आदी पवळ्याचा खांदा सुजला. पू झाला, ताप आला, चारा सोडला. मालक रडाया लागलं. म्या नानाला म्हनलं, माज्या बाटलीतली निम्मी पवळ्याला टोचा. नाना नको म्हनत हुतं. म्याच ऐकलं न्हाई. चांगला बरा हुईस्तोवर दिली."

"अगं, पण का?"

"बैल मेला तर फडात गाडी कोन वढनार? म्या मेले तर—" ती थांबली आणि हसली. "म्या मरत न्हाई, बाई. मला अर्ध्यात बी बरं वाटत हुतं."

जेवणं झाल्यावर डॉक्टरांनी पवळ्याचा खांदा चाचपून पाहिला. गयाबाईचा नवरा भानुदास अभिमानानं शेजारी उभा. गाठ कशी पिकली, तापल्या सुरीनं कशी फोडली, हळद-तेल कसं भरलं, ते त्यानं सांगितलं. डॉक्टर माझ्यापाशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पू निघाला म्हणून बैल बरा झाला. एवढ्या धुडाला तेवढंसं औषध म्हणजे विहिरीत चिमूटभर मीठ. सुईचा काडीचा उपयोग झाला नसणार."

"हे तिला सांगायचं?"

"तुम्ही ठरवा," ते म्हणाले. "मला धीर होत नाही."

मलाही होत नव्हता. तिनं पोटचं द्यावं तसं औषध दिलं होतं. ते फुकट गेलं, हे ऐकून तिला काय मिळणार होतं? पण तिनं आमच्याकडे पाहिलं होतं. चुलीपाशी बसून घरच्यांसाठी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "डाक्टर काय म्हनत हुते? पवळ्याला गुन आला तो सुईनंच ना?"

मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं. गुण सुईचा नव्हता, हेही सांगितलं आणि त्यापुढचंही. निम्म्या सुईनं तिच्या छातीतले जंतू पुरते मेले नसतील, उलट चिवट होऊन राहिले असतील. ते नळीत घालून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

तिच्या हातातली भाकरी फाटली. तिनं ती गोळा करून पुन्हा मळली, पुन्हा थापली. तव्यावर टाकून मग बोलली.

"हे सरावल्यालं जंतू माज्या पोरीला गेलं, तर?"

तिची दोन वर्षांची मुलगी उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती.

"तर तिलाही ही सुई पहिल्या दिवसापासून लागू पडणार नाही," मी म्हणाले. "तिनं एकही सुई घेतलेली नसली तरी."

गयाबाईनं भाकरी उलटली, भाजून टोपल्यात ठेवली. मग उठून तिनं आपली वाकळ घरातून काढली आणि पडवीच्या पार टोकाला नेऊन टाकली. पोरगी मागं आली तशी ठकूबाईनं तिला उचलून घेतलं. पोरीनं हंबरडा फोडला. गयाबाई पाठ करून उभी राहिली.

निघण्याआधी मी तिच्या बेडक्याची बाटली डब्यात घेतली. यंदा ऊसतोडीला जाऊ नकोस, असंही सांगून पाहिलं. उत्तर भानुदासनं दिलं. "बायकू न्हाई तर कोयता न्हाई, बाई. एकल्याला मुकादम घेत न्हाई." त्याचा सूर भांडणाचा नव्हता. तो मला त्यांच्या जगाचा नियम समजावून सांगत होता. पोरगी आजीपाशी ठेवायची आणि गोळ्या सोबत न्यायच्या, एवढं ठरलं. नळीत काय उगवतं ते मी येऊन सांगेन, असा शब्द मी दिला.

उसाचा फड

नळीत दाणे उगवायला आठवड्यांवर आठवडे जातात. निकाल हातात आला तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. गयाबाई तोवर जिल्ह्याच्या उत्तरेला, कालव्याखालच्या एका साखर कारखान्याच्या तळावर होती. या खेपेला मी एकटीच गेले. सोबत गोळ्या आणि क्षयावरच्याच आणखी एका औषधाच्या कडू भुकटीच्या पुड्या.

एकाच जिल्ह्यात दोन देश असावेत तसं वाटतं. इकडे पाटाचं पाणी खळखळतं, ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला, हवेत मळीचा आंबूस वास. आणि पाचटाच्या कोप्यांच्या रांगांत राहतात ती पूर्वेकडच्या कोरड्या रानांतली माणसं. हिरवाई त्यांनी तोडायची आणि मोळ्या बांधून गाडीवर चढवायच्या.

गयाबाई वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर घेऊन येताना भेटली. भारा टाकून तिनं घाम पुसला. "सांगा, काय उगवलं?"

"सुईच्या नळीत उगवलं. गोळ्यांच्या आणि भुकटीच्या नळ्या स्वच्छ राहिल्या."

"म्हंजी सुई गेली. गोळ्या चालत्यात."

"चालतात. पण आता तेवढंच हातात आहे. दीड वर्ष, एक दिवसही न चुकवता."

ती मान हलवत होती तेवढ्यात शेजारच्या कोपीतली बाई आली. जनाबाई, त्याच गावची. तिचा बैल दोन दिवस चारा खात नव्हता. मी पुण्याची कुणी औषधवाली आहे, हे तिच्या कानावर गेलं असावं. ती गयाबाईला म्हणाली, "गया, मागं तू पवळ्याला सुई दिल्तीस. त्यातलं आसंल तर दे की थोडं. या बाईंनी आनलंच आसंल."

भोवती पाण्याला आलेल्या चार-सहा बायका होत्या. तळावर गयाबाईनं आपला आजार कुणाला सांगितला नव्हता. क्षयाची बाई म्हटलं की मुकादम परत धाडतो. काहीतरी सांगून तिला वेळ मारून नेता आली असती. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"ती सुई बैलाची नव्हती, जना," ती म्हणाली. "माजी हुती. मला क्षय हाय."

घागरी भरायच्या थांबल्या.

"म्या निम्मी पवळ्याला दिली. त्याला काय उपेग झाला न्हाई, त्यो पू काढल्यानं बरा झाला. आन मला आता ती सुई लागू व्हत न्हाई. या बाईंनी नळीत बघितलंय. तुज्या बैलाला ढोराचा डाक्टर आन. मानसाचं औषिद घालू नको. आन ज्याला खोकला हाय त्यानं बाईंना दावा. लपवू नका."

बायका घागरी उचलून निघून गेल्या. जनाबाई जाताना पदर तोंडाला लावून गेली.

त्यानंतरचे दोन दिवस मी कारखान्याच्या वसाहतीत एका ओळखीच्या बाईंकडे राहिले आणि रोज तळावर गेले. गयाबाईची कोपी रांगेतून उठवून शेवटाला नेली. पाणी तिनं सगळ्यांनंतर भरायचं असं ठरलं. मुकादम तिला घरी धाडायला निघाला होता. भानुदासनं त्याला हातापाया पडून थोपवलं. मी जाऊन त्याला समजावलं की औषध चालू असलेल्या माणसापासून धोका कमी, दडवणाऱ्यापासून जास्त. त्यानं ऐकून घेतलं. पटलं की नाही, सांगता येत नाही.

"का सांगितलंस?" मी निघताना तिचा नवा बेडका बाटलीत घेत गयाबाईला विचारलं.

"बैल सगळ्यांकडं हाय, बाई," ती म्हणाली. "आन खोकला बी."

मी गाडीची वाट बघत उभी होते, तेव्हा एकेक करून तिघं जण आडोशानं आली आणि खोकून बाटलीत बेडके देऊन गेली. त्यांत जनाबाई होती. तिला क्षय असेल असं तिलाही वाटत नव्हतं. शंका नको म्हणून आले, असं ती म्हणाली. आयुष्यात कधी सुई टोचून घेतली आहे का, असं मी विचारलं. तिनं ठामपणे मान हलवली. कधीच नाही.

वैशाखात

हंगाम संपवून माणसं गावी परतली, तशी मी पुन्हा करंजीचा घाट ओलांडला. रानं भाजून निघाली होती. विहिरींच्या तळाला पाण्याचा नुसता आरसा उरला होता. ठकूबाईनं गूळ-पाणी पुढे केलं. गयाबाईच्या अंगावर थोडं मांस आलं होतं. वाकळ अजून पडवीच्या टोकालाच होती. पोरगी मधल्या खांबाला धरून आईशी लांबूनच बोलत होती. तिला त्याची सवय झालेली दिसली.

"या खेपेला काहीच उगवलं नाही," मी सांगितलं. "सगळ्या नळ्या स्वच्छ. तरी गोळ्या सोडायच्या नाहीत."

ठकूबाईनं सुनेच्या तोंडावरून हात ओवाळून बोटं मोडली. गयाबाई मात्र माझ्याकडे बघत होती. "आन जनाचं?"

हे ती विचारणार हे घाट चढतानाच मला माहीत होतं. जनाबाईला क्षय निघाला होता. आणि तिच्या सुईच्या नळीत दाणे उगवले होते, जसे गयाबाईच्या नळीत उगवले होते. तिनं तर एकही सुई घेतलेली नव्हती. मी ते सगळं सांगितलं. गोळ्या मी आधीच जनाबाईच्या हाती दिल्या होत्या, तेही सांगितलं.

"माज्याकडनं गेलं आसंल," गयाबाई म्हणाली.

"नळी ते सांगत नाही. कुणाकडूनही आलं असेल."

"माज्याकडनं बी आसंल."

"असेलही," मी म्हणाले. खोटं बोलून तिची समजूत घालणं मला जमलं नाही.

दारातून झळा येत होत्या. मग तिनं विचारलं, "तिच्या गोळ्या कोन देतं?"

"तिची तीच घेते."

"जना? तिला कोयता कुटं ठिवला त्ये ध्यानात ऱ्हात न्हाई." ती उठली, पदर खोचला आणि उन्हात चालू लागली. मी मागोमाग गेले.

जनाबाई दारात लसूण निवडत होती. गयाबाईला बघून ती उठायला लागली, मग तशीच बसून राहिली. तळावर पाणी शेवटी भरायला लावणाऱ्यांत तीही होती. ते दोघींनाही आठवत असणार. गयाबाईनं देवळीतली पुडी शोधून काढली, गोळ्या जनाबाईच्या तळहातावर ठेवल्या, तांब्या पुढे केला आणि ती गिळेपर्यंत उभी राहिली.

"तोंड उघड," ती म्हणाली.

जनाबाईनं लहान पोरासारखं तोंड उघडलं आणि गयाबाईनं वाकून, जिभेखालीसुद्धा, नीट बघितलं.